मंगल डावीकडे, शोक उजवीकडे

घटना : जोडले. छपाईयंत्र, दोन नग. दोन्ही सारखे.

सोमनाथ कोशिरे कारण घडल्यावर घाबरत नसत. कारण घडेपर्यंत थांबलं तर उशीर होतो, असं त्यांचं मत होतं. सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं ते स्टोअर-क्लार्क होते. त्या बावीस वर्षांत एक खिळाही हरवला नाही; पण हरवेल, ही धास्ती त्यांनी रोज वेळेवर हजर राहून सांभाळली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर धास्तीला काम उरेना. मग त्यांनी पंचवटीतल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पत्रिका छापून द्यायला सुरुवात केली.

पंचवटीत पत्रिका दोनच प्रकारच्या. लग्नाच्या आणि दशक्रियेच्या. रामकुंड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दुसऱ्या प्रकाराला बारा महिने मागणी. लग्नासाठी तयार गुलाबी कार्डं मिळत. वर सोनेरी गणपती, कडेला मोर, तळाला 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं आधीच छापलेलं. दशक्रियेसाठी पांढरी कार्डं, भोवती बोटभर काळी चौकट. मधल्या कोऱ्या जागेत मजकूर छापायचा, की झालं.

आता, ज्या यंत्रातून दशक्रियेची पत्रिका निघाली त्याच यंत्रातून लग्नाची कशी काढायची? हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. विचारेल, म्हणून सोमनाथरावांनी दुसरं यंत्र घेतलं. जुनं, पहिल्याचं जुळं भावंड. पण तार एकच होती. ती एकातून काढून दुसऱ्यात घालताना आपल्याला शॉक बसेल, असं त्यांना रोज वाटे. म्हणून त्यांनी एक छोटासा बेत केला : आणखी एक तार आणायची आणि दोन्ही यंत्रं संगणकाला कायमची जोडून टाकायची.

एवढाच बेत. यात भिण्यासारखं काय आहे, असं त्यांची बायको ज्योत्स्ना म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीत हेच म्हणत असे.

घटना : वीज गेली. घटना : वीज आली.

२००७ साल होतं आणि भारनियमन ठरल्या वेळेला होत असे, ठरल्या वेळेआधी होत असे आणि ठरलेली वेळ टळल्यावरही होत असे. तार आणल्याच्या तिसऱ्या दिवशी वीज येऊन संगणक उठला. सोमनाथरावांनी चाचणी म्हणून 'दुःखद निधन' असे दोनच शब्द छापले. ते गुलाबी कार्डावर आले. सोनेरी गणपतीच्या बरोबर खाली.

ते कार्ड त्यांनी आधी लपवलं. मग ते कुणाला सापडेल म्हणून बाहेर काढलं, गणपती कापून देव्हाऱ्यात ठेवला, आणि उरलेलं गोदावरीत सोडायला निघाले. ज्योत्स्नानं त्यांना दारातून परत आणलं.

गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सगळं बरोबर छापलं गेलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वीज जाऊन आली आणि पुन्हा उलटं. रोज उलटं झालं असतं तर माणूस सावध राहिला असता.

"अर्थिंग," शेजारचे मोतीरामभाऊ म्हणाले. ते एस. टी.च्या डेपोतून निवृत्त झाले होते आणि टीव्हीपासून मधुमेहापर्यंत सगळ्याचं मूळ त्यांना अर्थिंगमध्ये सापडे. "एक तांब्याची पट्टी तुळशीजवळ पुरा. वर मीठ-कोळसा. बघा मग."

"कसलं अर्थिंग न् काय," समोरच्या सुलाबाई म्हणाल्या. "दुकान चालायला लागलं ना, नजर आहे ती. लिंबू-मिरची बांधा."

सोमनाथरावांनी दोन्ही केलं. वीज गेली, आली. उलटं.

मग त्यांनी पुण्याला भाच्याला फोन लावला. दिनेशनं मागच्या दिवाळीत या संगणकावर विंडोज काढून लिनक्स नावाची प्रणाली बसवून दिली होती, फुकट मिळते म्हणून. फुकट मिळालेल्या वस्तूची भीती तेव्हापासून होतीच.

"मामा, यात बिघाड काही नाही," दिनेश म्हणाला. "आत मशीनचा एक गाभा असतो. त्याला काही जोडलं, की तो फक्त आरोळी ठोकतो : आलं रे, काहीतरी आलं! नाव ठेवणं त्याचं काम नाही. ते करतो यूडेव्ह."

"तो कोण?"

"समजा, एक कारकून. गाभ्याच्या बाहेर, आपल्या साध्या प्रोग्रामांच्या वस्तीत बसलेला. आरोळी ऐकली की तो नियमांची वही उघडतो. कोण आलंय, कुठल्या कंपनीचं, नंबर काय, ते बघतो. नियम जुळला तर त्याप्रमाणे नावाची पाटी लावतो. काढून घेतलं की पाटी उतरवतो. दिवसभर हेच."

सोमनाथरावांच्या मनात त्या कारकुनाबद्दल एकदम माया दाटून आली. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

"आणि नियम नसला तर?"

"मग जो आधी पोचेल तो पहिला, नंतरचा दुसरा. तुमची वीज आली की दोन्ही यंत्रं एकदमच उठतात. आज हा पुढे, उद्या तो. यूडेव्ह बिचारा काय करणार? दोघांचा अनुक्रमांक सांगा, नियम लिहू."

दोन्ही यंत्रांच्या पाठीवरचा अनुक्रमांक कोरा होता. आत विचारलं तर आतही कोरा. जुळी, आणि दोघांची नोंद नाही.

"मग माणूस ओळखू नका, दार ओळखा. तार संगणकाच्या कुठल्या भोकात घातलीय, ते," दिनेश म्हणाला. आणि फोनवरून अक्षर-अक्षर सांगत त्यानं वहीत नियम लिहून घेतला. इंग्रजी चिन्हांचा तो मजकूर सोमनाथरावांनी मराठीत करून भिंतीवर चिकटवला :

आलेली वस्तू छपाईयंत्र असेल,
आणि ती डाव्या भोकातून आली असेल,
तर तिचे नाव : मंगल.
उजव्या भोकातून आली असेल,
तर तिचे नाव : शोक.

वीज गेली, आली. बरोबर. पुन्हा गेली, आली. बरोबर. सलग नऊ दिवस बरोबर. दहाव्या दिवशी सोमनाथरावांनी एका गोष्टीपुरतं घाबरणं सोडलं. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली ढिलाई.

घटना : गिऱ्हाईक आले.

धोंडीराम बोराडे नवरात्राच्या सहाव्या माळेला आले. लासलगावचे कांद्याचे व्यापारी. लिलावात बोली लावून लावून त्यांचा आवाज असा झाला होता, की कानात सांगितलेली गोष्ट कोपऱ्यावरच्या रसवंतीला ऐकू जाई.

"कोशिरे, पोरीचं लगीन हाय. निकिताचं. दोनशे पत्रिका. पन एक सांगून ठेवतो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. सोमनाथरावांनी आपली मागे ओढली. "मागल्या साली एक सोयरीक मोडली. कशानं? साखरपुड्यात मांजर आडवं गेलं म्हून. मांजर! सहा महिने पोरगी घराभायेर पडली नाय. आता हे स्थळ देवळाली कॅम्पचं. धनराज, फौजेत हाय, पोरगा सोन्यासारखा. पन घरात चालती ती त्याच्या आजीची, कुसाबाईची. म्हातारीनं हो म्हनायला तीन महिने घेतले. पयली पत्रिका तिच्या हातात पडनार. तिच्यात येक डाग दिसला ना, तरी ती नाय म्हनंल. पोरगी पुन्यांदा घरात बसंल. आन मंग मी काय करीन, ते मलाबी ठावं नाय."

काय करीन ते ज्याला ठाऊक असतं, त्याची भीती मोजूनमापून बाळगता येते. हे प्रकरण मापाबाहेरचं होतं.

दुसऱ्या दिवशी भिकन आला. भाजीबाजारात गाडी लावणारा साधा माणूस, आवाज घशातच राहिलेला. आई गेली, भागीबाई. दशक्रियेच्या दोनशे पत्रिका हव्या होत्या; गोतावळा मोठा. सोमनाथरावांनी अष्टमीला दोन्हींचा एकेक नमुना काढला. गुलाबीवर निकिताचं लग्न, चौकटीत भागीबाईंचं निधन. जागच्या जागी. गठ्ठे दसरा झाल्यावर छापायचे ठरले.

घटना : काढले. काढले. जोडले. जोडले.

खंडेनवमी. यंत्रांची पूजा.

"हे काय, तारा लावून पूजा?" मोतीरामभाऊ उंबऱ्यावरून म्हणाले. "खांद्यावर जू ठेवून बैल पूजतं का कोणी? मोकळं करा त्यांना."

तारा काढल्या. ज्योत्स्नानं यंत्रं ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं. नारळ संगणकावर फोडायचा नाही यावर एकमत व्हायला पंधरा मिनिटं गेली. आरती झाल्यावर सुलाबाईंनी तारा पुन्हा बसवल्या. त्या कुठलंही काम हातात घेतलं की मन लावून करत. तारा दोन, भोकं दोन, दोन्ही घट्ट. सोमनाथरावांनी त्या घट्ट बसल्यात का ते पाच वेळा ओढून बघितलं. कुठली कुठे बसलीय, ते बघितलं नाही. त्या बाबतीत त्यांचं घाबरणं दहा दिवसांपूर्वीच संपलं होतं.

आत यूडेव्हनं वही उघडली. डाव्या भोकातून आलेल्याला 'मंगल' अशी पाटी लावली, उजव्यातून आलेल्याला 'शोक'. वही मिटली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

घटना : अर्जदार हजर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोमनाथरावांनी दोन्ही यंत्रांत कार्डं भरली, दोन्ही हुकूम सोडले आणि निघाले. वीज कार्यालयातून चिठ्ठी आली होती : घरगुती जोडणीवर व्यवसाय चालतो काय, समक्ष येऊन खुलासा करावा. 'समक्ष' या शब्दानं त्यांनी चार दिवस जेवण अर्धं केलं होतं.

व्यवसायाचे स्वरूप : पत्रिका.
कसल्या? : दोन्ही.
दोन्ही म्हणजे? : आनंदाच्या आणि... त्या.
यंत्रे किती? : दोन.
एकावर भागत नाही काय? : भागतं. पण बरं दिसत नाही.
हे कारण रकान्यात बसत नाही. : बरं.
मग यंत्र एक लिहू? : नको साहेब, खोटं होईल.
मग दोन लिहू? : भीती वाटते.

खिडकीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना पाणी दिलं. "काका, नुसता अर्ज बदलून द्यायचाय. कोणी पकडायला येत नाही." ते दोन तासांनी बाहेर पडले, आणि कित्येक दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. येताना त्यांनी चक्क चिवडा घेतला.

घटना : एक प्रत शिल्लक.

"झालं सगळं," ज्योत्स्ना म्हणाली. "दोघंही येऊन घेऊन गेले. बांधाबांध सुलाबाईंनी केली, इतकी सुबक, की बोराडे म्हणाले, ही बाई मला कांद्याच्या गोण्या बांधायला द्या."

सुलाबाई एकेकाळी पापडाच्या उद्योगात पॅकिंगला होत्या. यंत्रातून कार्डं पालथी पडत. त्यांनी ती तशीच, न उलटता, दोनशे मोजली. गुलाबी गठ्ठा गुलाबी कागदात, पांढरा पांढऱ्या कागदात. आणि छापखान्यांची रीत म्हणून प्रत्येक पुडक्यावर नमुन्याची प्रत चिकटवली. अष्टमीची. निर्दोष.

सोमनाथराव भीतीपोटी प्रत्येक कामात एक प्रत जास्त काढत. त्या दोन जास्तीच्या प्रती टेबलावर पालथ्या होत्या. चिवड्याचा पहिला घास तोंडात असताना त्यांनी गुलाबी उलटली.

सोनेरी गणपती. मोर. 'आमच्या मातोश्री कै. भागीबाई यांचे दुःखद निधन झाले. दशक्रिया विधी रामकुंड येथे.' तळाला : आपली उपस्थिती हाच आहेर.

पांढरी उलटायला त्यांना फार वेळ लागला. काळी चौकट. 'चि. सौ. कां. निकिता आणि चि. धनराज यांचा शुभविवाह.' खाली चौकटीला टेकून : आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!

म्हणजे बोराड्यांनी नेलेल्या पुडक्यावर लग्न होतं आणि पोटात दोनशे दशक्रिया. ते उघडलं, तर कुसाबाईंच्या हाती सनईऐवजी रामकुंड. सोमनाथरावांच्या डोळ्यांपुढे तिसरीच पत्रिका छापली गेली :

आमचे येथे श्रीकृपेकरून
कै. सोमनाथ कोशिरे
(यांना बोराडे यांनी)
आपली उपस्थिती हाच आहेर.

"अहो, चिवडा गिळा," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यांनी आधी पूजेत अदलाबदल झालेल्या तारा सरळ केल्या, पाच वेळा चाचणी घेतली आणि मग धोंडीरामांना फोन लावला.

"बोला!"

"काही नाही, सहज. पुडकं... उघडलंत का?"

"नाय. थेट व्याह्याकडं चाललोय देवळालीला. वाटंत जेवन. का?"

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आतून जे आलं ते असं : "उघडू नका. शाई ओली आहे."

"दुपारपर्यंत वाळंल," असं म्हणून धोंडीरामांनी फोन ठेवला.

घटना : जोडले. काढले.

मोतीरामभाऊंनी स्कूटर काढली. पण आधी भिकनकडे जाणं भाग होतं, कारण चौकटीतलं निकिताचं लग्न त्याच्याकडे होतं, आणि तो ते आजच टपालात टाकणार होता. टपालात पडलेलं परत मागायला अर्ज लागतो, असं मोतीरामभाऊ म्हणाले. सोमनाथरावांचा आजचा अर्जांचा शेर संपला होता.

भिकनच्या ओट्यावर चपलांचा ढीग होता. पुडकं कोनाड्यात, न उघडलेलं. सोमनाथरावांनी खिशातून जास्तीची गुलाबी प्रत काढली आणि हात जोडून झालं ते सांगितलं. मार खायचा तर पहिला इथेच खावा, म्हणजे देवळालीपर्यंत सराव होईल.

भिकननं ती प्रत हातात घेऊन वाचली. त्याचे खांदे हलू लागले. सोमनाथरावांना वाटलं, रडतोय.

"आई अशीच होती," तो हसू दाबत म्हणाला. "लग्नात जाऊन रडायची, आन मयतीला गेली की बायांना हसवून यायची. कोनी बोलावलं का नाय, ते कधी पाह्यलं नाय." त्यानं प्रत सदऱ्याच्या खिशात ठेवली. "ही एक माझ्याजवळ राहू द्या. बाकी नीट करून द्या. भाऊबंद लय कडक आहेत."

पुडकं घेऊन ते निघाले. स्कूटर चालू होईना. मोतीरामभाऊंनी तिच्यात अर्थिंगचा दोष काढला. मग त्यांनी पुडकं रिक्षानं ज्योत्स्नाकडे पाठवलं आणि स्कूटर ढकलत चौकापर्यंत आणली. चौकात ती आपण होऊन सुरू झाली.

घटना : रस्ता.

द्वारका. नाशिकरोड. तिथे रेल्वे फाटकाची धास्ती; फाटक उघडं होतं, तर पुलाची. मोतीरामभाऊ सबंध रस्ता सल्ला देत होते. "रडा. सरळ रडा. रडणाऱ्याला फौजी मारत नाही." थोडं पुढे गेल्यावर : "नाहीतर बेशुद्ध पडा. पण डावीकडे पडा, उजवीकडे तुमचा दमा आहे." सोमनाथरावांना दमा नव्हता. आता होईल असं वाटू लागलं.

त्यांच्या डोळ्यांपुढे बोराडे नव्हते. त्यांनी कधी न पाहिलेली निकिता होती, दार लावून बसलेली. आणि हे दार आपण लावलं, एका तारेनं. पळून जावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण स्कूटर मोतीरामभाऊंच्या हातात होती.

घटना : पुडके उघडले.

कॅम्पातल्या बैठ्या घराच्या दारात बोराड्यांची जीप उभी होती. दूर सरावाच्या मैदानावर तोफ उडाली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. सोमनाथरावही.

आत कोचावर धोंडीराम बसले होते. समोर फोडलेलं गुलाबी पुडकं. आणि लोडाला टेकून एक किरकोळ म्हातारी, हातातलं कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरून, ओठ हलवत.

धोंडीरामांनी दारात उभ्या सोमनाथरावांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. सोमनाथराव जन्मभर आरशात जे बघत आले होते, तेच तिथे होतं. पांढरीफटक भीती.

"आजी," धोंडीराम म्हणाले. लासलगावचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ह्ये... आताची पद्धत हाय. पुन्याकडं... मंजी..."

"गप रे." कुसाबाईंनी कार्ड खाली ठेवलं. "भागीबाई कोन?"

धोंडीराम पुडक्याचा फाटका कागद परत मिटायला लागले.

"मी इचारते, भागीबाई कोन? गनपती हाय, मोर हाय, आन बाई मेलीय. कुनी छापलं हे?"

धोंडीरामांचं बोट दाराकडे वळलं.

आता रडायचं होतं, किंवा डावीकडे पडायचं होतं. सोमनाथराव पुढे गेले, म्हातारीच्या समोर सतरंजीवर बसले आणि सगळं सांगितलं. जुळी यंत्रं, डावं भोक, उजवं भोक, वही उघडून बसलेला कारकून, पूजा, तारा. मधेच बोललेलं खोटंही सांगितलं. शाई ओली नव्हती, त्या यंत्रात ओली शाई नसतेच, कोरडी भुकटी असते. "मुलीचा यात काही दोष नाही. बोराड्यांचाही नाही. नियम बरोबर होता, मी तार बघितली नाही. शिक्षा मला करा. लग्न मोडू नका." शेवटी खिशातली चौकटीची प्रत काढून त्यांनी पुढे ठेवली. "खरी पत्रिका चुकून यावर छापली गेली होती. मजकूर हा आहे. हेसुद्धा अशुभच आहे. पण लपवत नाही."

कोपऱ्यात बसलेले व्याही, धनराजचे वडील, उभे राहिले होते. धोंडीरामांनी डोळे मिटले होते.

कुसाबाईंनी चौकटीचं कार्ड उचललं. हातभर लांब धरलं. मग जवळ आणलं. मग मोठ्यानं, एकेक अक्षरावर बोट ठेवत, वाचू लागल्या. "आ-म-चे ये-थे..." निकिता आली, धनराज आला, तिथी आली. खाली आशीर्वादाच्या ओळीत त्यांचं बोट थांबलं. "कु-सा-बा-ई."

त्यांनी ते परत वाचलं.

"साक्षरतेच्या वर्गात शिकले मी, सासष्टाव्या वर्षी," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "तवापासून मला मरनाच्याच पत्रिका वाचता येत्यात. पांढऱ्यावर काळं, ठसठशीत. लग्नाची आली की गुलाबीवर सोनेरी, वर फुलं, मधी मोर. काय दिसतंय म्हातारीला? कोन मेलं ते माझं मला कळायचं. कोन लगीन करतंय, ते दुसऱ्यानं सांगायचं." त्यांनी सुनेला हाक मारली. "हळद-कुकू आन."

करंड्यात बोट बुडवून त्यांनी काळ्या चौकटीच्या चारी कोपऱ्यांवर हळदीची बोटं उमटवली. मधे कुंकू. कार्ड लांब धरून पाहिलं.

"झालं. आमच्या दोनशे अशाच छाप. हळद मी लावीन." मग धोंडीरामांकडे वळून : "येवढा घाबरला व्हय रे? मी काय मांजर हाय?"

धोंडीराम उठून व्हरांड्यात गेले आणि तिकडे त्यांनी लिलावाच्या आवाजात नाक शिंकरलं.

घटना : नियम बदलणे.

परतल्यावर सोमनाथरावांनी खुर्चीतही न बसता पुण्याला फोन लावला.

"दिनेश, तो नियम मोडायचा कसा? फक्त दोनशे पत्रिकांपुरता. लग्नाचा मजकूर, पण शोकाच्या कार्डावर. आणि नंतर पुन्हा होता तसा झाला पाहिजे. आणि मधेच वीज गेली तर?"

"मोडायचा नाही मामा," दिनेश उत्साहात म्हणाला. "यूडेव्ह वहीची पानं क्रमानं वाचतो. जास्त आकड्याचं आणखी एक पान करू, ते मागून वाचलं जाईल. त्याच्यात लिहायचं, की डाव्या भोकातून जे आलं... थांबा, कागद घेतलात का?"

सोमनाथरावांनी कागद घेतला. दिनेश सांगत होता, ते लिहीत होते. स्वल्पविराम कुठे, बरोबरची चिन्हं एक की दोन.

ज्योत्स्ना आतून आली. भिकनच्या पत्रिका तिनं दुपारीच नीट छापून दिल्या होत्या. तिनं डाव्या यंत्राचा ट्रे ओढला, गुलाबी कार्डं बाहेर काढली, त्या जागी चौकटीची पांढरी ठेवली आणि कळ दाबली. यंत्र घरघरलं. पहिली प्रत पालथी पडली. तिनं ती उलटली, वाचली आणि नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरली. काळी चौकट. निकिता आणि धनराज. जागच्या जागी.

सोमनाथरावांनी त्या कार्डाकडे पाहिलं. ट्रेकडे पाहिलं. बाहेर कोणी गिऱ्हाईक बघत नाही ना, तेही पाहिलं.

"मामा? ऐकताय ना? अवघड वाटतंय का?"

"नाही, नाही," सोमनाथराव म्हणाले आणि ज्योत्स्नाकडे पाठ करून त्यांनी पेन सावरलं. "सांग तू. आकडा कितीचा म्हणालास?"